ट्रंकेतलं मत

पेडण्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढून काढली. वर कुळ-मुंडकाराच्या खटल्याचे कागद, त्याखाली मुलांची प्रगतिपुस्तकं, आणि तळाला प्लास्टिकच्या पिशवीत सेसा गोवा कंपनीची शेअर प्रमाणपत्रं. घेतली होती त्यांच्या वडिलांनी. कंपनी बाजारात आली १९८१ मध्ये, त्यानंतर कधीतरी ओळखीच्या कुणी सांगितलं, खाणीची कंपनी आहे, बुडणार नाही, म्हणून. वडील गेले, लाभांशाचे कागदी चेक काही वर्षं येत राहिले, मग घराचा नंबर बदलला आणि तेही थांबले.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘मतदार’ हा विषय दिला. पंचायत, विधानसभा, लोकसभा यांवर लिहिणारे पुष्कळ असणार, म्हणून मी या दुसऱ्या मतदाराकडे गेलो. मास्तरांना विचारलं, ‘‘या शेअरांचं मत कोण देतं?’’ ते हसले. ‘‘व्होट? खंयचो? पंचायतीचो?’’

प्रश्न गमतीचा वाटतो, पण या ट्रंकेतलं मत कायद्याच्या दृष्टीनेही जवळपास झोपलेलं आहे. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. वारस कागदपत्रं जमवून ते परत मागू शकतात. मात्र मागेपर्यंत त्या शेअरांचा मताधिकार गोठलेला असतो, निधीही तो वापरत नाही. शिवाय एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डिमॅट खातं हवं. ते उघडायचं तर आधारवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव जुळायला हवं. गोव्यात ही गोष्ट सोपी नाही. एकाच माणसाचं आडनाव पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत एका स्पेलिंगने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या आणि पासपोर्टवर तिसऱ्याच. भावंडांपैकी एक दुबईला, एक लंडनला. वारसाचा दाखला करायला सगळ्यांच्या सह्या लागतात. मग पिशवी पुन्हा ट्रंकेत जाते.

आमोण्याचा कारखाना

पेडण्याहून डिचोली तालुक्यात उतरलं की रस्त्याचा रंग बदलतो. खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, मग काही सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि पुन्हा बंद. आता लिलावाने थोड्या थोड्या उघडतायत. डिचोलीचा पहिला खनिज पट्टा डिसेंबर २०२२ च्या लिलावात वेदांताने घेतला. डिचोलीच्या बाजारात वेदांता म्हणण्याऐवजी अजून ‘सेसा’च म्हणतात. तोंडावरचं नाव आणि कागदावरचं नाव यांच्यातल्या अंतरात या लेखाचा बराचसा विषय आहे.

सेसा सुरू झाली १९५४ मध्ये, इटालियन भांडवलावर. १९९६ मध्ये जपानच्या मित्सुई कंपनीने ५१ टक्के हिस्सा घेतला. २००७ मध्ये मित्सुईने तो लंडनच्या वेदांताला ९८ कोटी १० लाख डॉलरना विकला. २००९ मध्ये सेसाने धेंप्यांची खाण कंपनी १,७५० कोटी रुपयांना घेतली. २०१३ मध्ये स्टरलाइट तिच्यात विलीन झाली आणि नाव झालं सेसा स्टरलाइट, २०१५ मध्ये वेदांता लिमिटेड. म्हणजे आज मुंबईच्या बाजारात जी वेदांता आहे, ती कायद्याच्या भाषेत १९६५ साली गोव्यात नोंदलेली सेसा गोवाच आहे. अंगरखा तेवढा दोनदा बदलला.

या प्रवासात डिचोलीच्या, पेडण्याच्या भागधारकाला मत किती वेळा विचारलं गेलं? मालक बदलला तेव्हा नाही. इटलीकडून जपानकडे, जपानकडून लंडनकडे ताबा गेला तो दोन बड्यांमधला सौदा होता. त्या वेळच्या नियमांनी छोट्याला एवढंच मिळालं की नव्या मालकाने आणखी २० टक्के शेअर विकत घेण्याचा खुला प्रस्ताव ठेवायचा. विकून बाहेर पडायचं तर दार उघडं, राहायचं तर नवा मालक मुकाट्याने स्वीकारायचा. मला तरी वाटतं, कंपनीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय मतपत्रिकेवर कधी येतच नाही, आणि बाकी सगळे ठराव वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

विलीनीकरण मात्र मतावर येतं. त्याचीच एक जुनी लढाई याच तालुक्यातल्या आमोण्याशी जोडलेली आहे. मांडवीच्या काठी आमोण्यात कच्चं लोखंड, म्हणजे पिग आयर्न, बनवण्याचा कारखाना होता तो सेसा इंडस्ट्रीज या उपकंपनीचा. तिचे जवळपास ८८ टक्के शेअर सेसा गोव्याकडे, उरलेले लोकांकडे. पण उपकंपनी बाजारात नोंदलेली नव्हती. शेअर हातात, आणि विकायला खिडकी नाही. २००५ मध्ये संचालकांनी ठरवलं, उपकंपनी मुख्य कंपनीत विलीन करू. मोजक्या भागधारकांनी हरकत घेतली. त्यांचा मुख्य आक्षेप असा की कंपनीच्या कारभाराची सरकारी तपासणी झाली होती, तिचा अहवाल भागधारकांपुढे आणि न्यायालयापुढे आलाच नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातल्या एका न्यायाधीशांनी डिसेंबर २००८ मध्ये विलीनीकरण मंजूर केलं. दोन महिन्यांत दोन न्यायाधीशांच्या पीठाने ते रद्द केलं. प्रकरण दिल्लीला गेलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरण पुन्हा उभं केलं. छोटे भागधारक हरले. तरी हिशेब पाहण्यासारखा आहे. जवळपास सगळं भांडवल समोरच्या बाजूला असताना मूठभर माणसांनी एवढ्या मोठ्या कंपनीचं विलीनीकरण पाच-सहा वर्षं रोखून धरलं, आणि न्यायालयाला त्यांचं म्हणणं मुद्द्यागणिक ऐकावं लागलं.

आज त्यांना ते दार मिळालं नसतं. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार अशा योजनेला हरकत घ्यायची तर हातात किमान १० टक्के शेअर हवेत. ऊठसूट कुणी कोर्टात जाऊन कंपन्यांना वेठीला धरू नये हा हेतू, आणि तसं धरणारे होतेही. पण १० टक्के ज्याच्याकडे असतात त्याला कुणी छोटा म्हणत नाही.

चतुर्थीतलं मतदान

आता मत कसं पडतं ते पाहू, कारण ते माहीत असलेली माणसं मला फार भेटली नाहीत. डिमॅट खाती पुष्कळ आहेत. डिचोलीत दुकानाच्या गल्ल्यावर बसून मोबाइलवर भाव पाहणारी तरुण मुलं आहेत. भाव सगळ्यांना तोंडपाठ, मत कुणालाच नाही.

मार्चला वर्ष संपवणाऱ्या कंपनीने ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. सभेच्या २१ दिवस आधी सूचना येते. म्हणजे सगळा गोंगाट ऑगस्ट-सप्टेंबरचा. गोव्यात तेव्हा चतुर्थी असते. माटोळी बांधायची, करंज्या तळायच्या, मुंबईचा भाऊ येणार, गावचा वाडा झाडायचा, त्यात ई-मेलमध्ये पडलेली शे-दोनशे पानांची वार्षिक अहवालाची फाइल कोण उघडतो? ई-मतदान किमान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थांच्या पानावर जायचं, ओटीपी घालायचा, ठरावांपुढे बाजूने किंवा विरोधात अशी खूण करायची. एकदा दिलेलं मत बदलता येत नाही. सगळं करायला पाच मिनिटं लागतात. वाचायला दोन संध्याकाळी.

वाचायचं काय, हे एका सनदी लेखापालांनी मला पणजीत समजावलं. पहिले तीन-चार ठराव नेहमीचे: हिशेब स्वीकारणे, लाभांश, आळीपाळीने निवृत्त होणाऱ्या संचालकाची फेरनेमणूक. त्यांच्यावर वेळ घालवू नका. ‘‘खालचे वाचा,’’ ते म्हणाले. पगाराचा ठराव, प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीशी व्यवहाराचा ठराव, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या संचालकाला ठेवण्याचा ठराव. आणि प्रत्येक विशेष ठरावाखालचं स्पष्टीकरण, बारीक अक्षरातलं.

साधा ठराव निम्म्याहून जास्त मतांनी पास होतो. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. आणि मत माणसाला नाही, शेअरला. मास्तरांच्या वडिलांचे पन्नास शेअर म्हणजे पन्नास मतं, प्रवर्तकाचे कोट्यवधी म्हणजे तेवढी. इथेच बहुतेक लोक वही मिटतात. ‘‘आमच्या मतान कितें जातलें?’’ हे वाक्य पेडण्यात ऐकलं, साखळीत ऐकलं, पणजीच्या त्या लेखापालांच्या पत्नीकडूनही ऐकलं.

पूर्वी निदान जाऊन बसता यायचं. सभा नोंदणीकृत कार्यालयाच्या गावातच घ्यावी लागते आणि सेसाचं कार्यालय पणजीला पाटोवर होतं. पेडण्याहून कदंबची बस धरली की झालं. हॉल, चहा, पुढच्या रांगेत दरवर्षीचे तेच चार वक्ते, एक जण कविता म्हणणारा. मग नाव वेदांता झालं आणि पुढे नोंदणीकृत कार्यालय मुंबईला गेलं. राज्य ओलांडून कार्यालय न्यायचं तर कायद्याने भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे पणजीतली सभा गमावण्यालाही भागधारकांचीच मान्यता लागली. आता करोनानंतर सभा पडद्यावर होते. पेडण्याहून अंधेरीला जायची गरज नाही, हा फायदा खराच. पण बोलायचं तर आधी वक्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, आणि प्रश्न अवघड झाला की आवाज कुणाच्या हातात आहे ते कळतं.

ज्याला बाहेर बसवलं

मग छोट्याचं मत कधी चालतं? मी जुन्या निकालांच्या मागे लागलो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. संख्या वाढली म्हणून छोटा जिंकला असं फारसं घडलेलं नाही. कायद्याने मोठ्याला मतदानाच्या खोलीबाहेर बसवलं किंवा त्याचं बहुमत पुरेसं नाही असं ठरवलं, की मग जिंकला.

ठळक उदाहरण मुंबईचं. जून २०१७. रेमंड कंपनीने भागधारकांपुढे ठराव ठेवला की ब्रीच कँडीवरच्या जे. के. हाउसमधल्या सदनिका प्रवर्तक कुटुंबातल्या व्यक्तींना विकाव्यात. भाव सुमारे ९,२०० रुपये चौरस फूट. त्या भागात बाजारभाव लाखाच्या पुढे. हा संबंधित पक्षाशी व्यवहार, त्यामुळे ज्यांना फायदा होणार त्यांना मत द्यायची परवानगी नव्हती. पडलेल्या मतांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक विरोधात गेली. मतदान सल्लागार संस्थांनी आधीच बोंब मारली होती, म्युच्युअल फंड जागे होते आणि त्यांच्या मागून सामान्य भागधारकही. प्रवर्तकाचं मत मोजलं गेलं असतं तर या विरोधाचं वजन केवढं उरलं असतं, कोण जाणे.

दुसरा प्रकार विशेष ठरावाचा. २०१४ मध्ये टाटा मोटर्सने वरिष्ठ संचालकांच्या पगारांना मंजुरी मागितली आणि तीन-चतुर्थांश मतं मिळाली नाहीत. २०२१ मध्ये आयशर मोटर्समध्ये सिद्धार्थ लाल यांच्या व्यवस्थापकीय संचालकपदाची फेरनेमणूक पगारासकट एकाच ठरावात मांडली होती. कंपनी त्यांच्या घराची, बुलेट मोटरसायकलचा धंदा पुन्हा उभा केला तो त्यांनी, तरीही ठराव ७५ टक्क्यांपर्यंत पोहोचला नाही. काही दिवसांत कंपनी पगाराला मर्यादा घालून पुन्हा आली, तेव्हा मंजूर झाला. माणसाविषयी कुणाची तक्रार नव्हती, आकड्याविषयी होती, आणि ती ऐकली गेली. मतदानाचा इतका नेमका उपयोग विधानसभेत मला क्वचित दिसतो.

तिसरं उदाहरण आपल्याच सेसाचं, म्हणजे वेदांताचं. मे २०२०, टाळेबंदी, भाव कोसळलेले. लंडनच्या मुख्य कंपनीने जाहीर केलं की भारतातली कंपनी बाजारातून काढून घेऊ. आधारभूत किंमत ८७ रुपये २५ पैसे. नियम असा की बाहेरच्या भागधारकांची बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान दुप्पट हवीत. ती सहज मिळाली. म्हणजे पहिल्या मतदानात भागधारक ‘हो’ म्हणाले. पण दुसरी पायरी होती. ऑक्टोबरात प्रत्येकाने आपला शेअर किती रुपयांना द्यायचा ते सांगायचं, आणि प्रवर्तकाचा हिस्सा ९० टक्क्यांपर्यंत पोहोचेल एवढे शेअर यायला हवेत. आयुर्विमा महामंडळाने बोली लावली ३२० रुपयांची. हवे होते १३४ कोटी १२ लाख शेअर, आले १२५ कोटी ४७ लाख. योजना कोसळली.

गोव्यातल्या काही जुन्या भागधारकांना हा आपला विजय वाटतो. तो खरं तर विमा महामंडळाचा आणि मोठ्या फंडांचा. छोटा त्यांच्या खांद्यावर बसून पलीकडे गेला. पण खांद्यावर बसायलाही जागं राहावं लागतं, आणि त्या आठवड्यात अनेक घरांत पहिल्यांदाच ‘आपण किती मागायचं’ ही चर्चा झाली. साखळीच्या एका किराणा दुकानदाराने मला सांगितलं की त्याने आणि त्याच्या मेव्हण्याने मुद्दाम बोलीच लावली नाही. ‘‘न देणं हेही मतच,’’ तो म्हणाला. नियमाच्या दृष्टीने त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं: त्या प्रक्रियेत न आलेला प्रत्येक शेअर विरोधातच मोजला जातो.

सेसा-स्टरलाइटच्या विलीनीकरणात मात्र प्रवर्तकाला असं बाहेर बसवलं नव्हतं. पाच स्टरलाइटला तीन सेसा हे प्रमाण २०१२ मध्ये ठरलं. प्रवर्तकांचा संबंध असलेल्या ठरावीक विलीनीकरणांत फक्त बाहेरच्या भागधारकांची मतं वेगळी मोजा, असं शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सांगितलं ते फेब्रुवारी २०१३ मध्ये. थोडक्यात हुकलं.

सोसायटीतला हात

डिचोली आणि पेडण्याचा माणूस मतदानाला नवखा नाही. तो नागरी पतसंस्थेचा सभासद असतो, बागायतदार सोसायटीचा असतो, दूध संस्थेचा असतो. तिथे एक सभासद, एक मत. शंभराचा भाग असो की लाखाचे, हात एकच. सभेत लोक खरोखर येतात. अहवाल वाचून होतो न होतो तोच मागून ‘मंजूर, मंजूर’, मग पॅकेटातला शिरा-सामोसा. निवडणुकीत मात्र पॅनलं पडतात, घरोघर फिरणं होतं, मतदारांना गाड्या लागतात.

एवढी लोकशाही असूनही सहकारात सगळं ठीक आहे असं कोण म्हणेल? म्हापसा अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये निर्बंध घातले आणि एप्रिल २०२० मध्ये परवाना काढून घेतला. प्रत्येक सभासदाला समान मत होतं, दर काही वर्षांनी संचालक निवडून येत होते. मतं समान असली तरी माहिती समान नसते. कंपनीत निदान दर तिमाहीला हिशेब जगापुढे येतो आणि मतांचा तपशील दोन दिवसांत बाजाराच्या संकेतस्थळावर लावावा लागतो. गावच्या संस्थेत कर्ज कुणाला दिलं ते सभासद चहाच्या टपरीवरच ऐकतो.

आणि या दोन्हींच्या आधीची कोमुनिदाद आहे. गोव्यातल्या गावकीला १९६१ च्या संहितेने जे रूप दिलं त्यात जन्माने गावकार असतात आणि शेअर घेऊन आलेले भागधारकही. तीन वर्षांनी व्यवस्थापन समिती निवडायची, वर्षाच्या उत्पन्नातून झोण घ्यायची. कंपनी कायदा यायच्या आधीपासून लाभांश आणि मत या दोन गोष्टी इथल्या माणसाला ठाऊक होत्या. त्यातली झोण त्याला चांगली आठवते.

पेडण्यात या मताच्या गोष्टीचा नवा अध्याय मोप्याला लिहिला जातोय. जमीन गेली ती पेडणेकरांची, विमानतळाचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं. तो चालवणारी गोव्याची कंपनी बाजारात नोंदलेली नाही, तिची मुख्य कंपनी जीएमआर एअरपोर्ट्स नोंदलेली आहे. त्यामुळे पेडण्याचा तरुण तिचे दहा शेअर घेऊ शकतो, काहींनी हौसेने घेतलेही. पण मोप्याच्या कंपनीच्या सभेत मत देतात ते मुख्य कंपनीने पाठवलेले अधिकारी. त्याचं मत एका मजल्यावर थांबतं आणि धावपट्टी दुसऱ्या मजल्यावर असते.

हजार सह्या

कंपनी कायद्यात १५१ वं कलम आहे. बाजारात नोंदलेल्या कंपनीत छोट्या भागधारकांना आपला एक संचालक निवडता येतो. त्यासाठी किमान एक हजार छोट्या भागधारकांनी, किंवा एकूण छोट्या भागधारकांच्या एक-दशांशांनी, यांतला जो आकडा कमी असेल तेवढ्यांनी, सभेच्या चौदा दिवस आधी सह्यांची नोटीस द्यायची. निवडून आला तर तीन वर्षं, पुन्हा उभं राहता येत नाही.

छोटा कोण? ज्याच्याकडच्या शेअरची दर्शनी किंमत २०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही तो. वेदांताच्या शेअरची दर्शनी किंमत एक रुपया. म्हणजे वीस हजार शेअरवाला छोटा. बाजारभाव ४०० रुपये धरला तर ८० लाखांचा धनी कायद्याने छोटा भागधारक आहे. मास्तर आणि तो एकाच रांगेत.

मी हा हिशेब मांडल्यावर मास्तरांचा मुलगा, तो म्हापशाला बँकेत असतो, कॅल्क्युलेटर काढून बसला. गोव्यात सेसाचे जुने भागधारक किती असतील, त्यातले किती डिमॅटमध्ये, किती हयात. हजार सह्या जमतील? सही पुरत नाही, प्रत्येकाचा पत्ता, शेअरची संख्या आणि फोलिओ क्रमांक नोटिशीत लागतो. आणि उमेदवार कोण? गावातल्या संस्थेसाठी पॅनल उभं करायला वर्षभर आधी बैठका होतात. इथे उमेदवार शोधायचा, तो कंपनीचा हिशेब वाचू शकणारा हवा, कंपनीचा जुना नोकर नको, आणि सभा कधी आहे हे कळेपर्यंत नोटिशीसाठी हातात जेमतेम एक आठवडा, तोही चतुर्थीचा.

‘‘पयलीं आजोबांचे शेअर परत मेळोवया,’’ तो म्हणाला. निधीकडून परत मागण्याचा अर्ज त्याने तेव्हाच मोबाइलवर उघडला. पहिल्याच रकान्यात प्रमाणपत्रावर जसं आहे तसं आजोबांचं नाव हवं होतं, आणि त्यावरून बाप-लेकात आडनावाच्या स्पेलिंगवर वाद सुरू झाला.